चित्रकार कोठे बसतो?

कलेचा इतिहास लिहिणारे आपल्याकडे शैली सांगतात, गुरुशिष्यांची परंपरा मांडतात, पदकांची यादी देतात. चित्रकार कोठे बसून चित्र काढीत होता, हा प्रश्न मात्र सहसा कोणी विचारत नाही. नदीचा घाट रंगवणाऱ्याला आधी घाटाच्या पायरीवर बसता यावे लागते. ज्यांना पाण्याला शिवण्याचीच बंदी होती, त्यांच्या नजरेतून घाट कसा दिसत होता? हातकणंगले तालुक्यातील माणगाव परिषदेवर मी गेली दोन वर्षे चित्रमालिका करतो आहे. ती करताना हा प्रश्न टाळणे मला शक्य झाले नाही. म्हणून या चित्रांमागचा इतिहास येथे मांडतो.

कोल्हापूरला कलानगरी म्हणतात ते उगीच नव्हे. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकून आलेले आबालाल रहिमान शाहू महाराजांच्या दरबारचे चित्रकार झाले आणि कोल्हापूरच्या परिसरातला ऊन-पाऊस त्यांनी जलरंगांत उतरवला. बाबूराव पेंटर नाटकांचे पडदे रंगवता रंगवता सिनेमाकडे वळले, त्यांनी कॅमेरा घडवला आणि महाराष्ट्र फिल्म कंपनी उभारली. एक मुसलमान, दुसरा कारागिराच्या घरातला. शास्त्री-पंडितांच्या ओसरीवर ही कला वाढली नाही, ती हाताला घट्टे पडलेल्या माणसांनी वाढवली. या दोघांना मी माझे पूर्वज मानतो. पूर्वज मानतो म्हणूनच त्यांच्या काळाला प्रश्न विचारण्याचा हक्कही घेतो.

१९२० साल घ्या. त्या वर्षी बाबूरावांचा ‘सैरंध्री’ पडद्यावर आला. कीचकवधाची कथा लोकांनी डोळे विस्फारून पाहिली. त्याच वर्षी २१ आणि २२ मार्चला माणगावात अस्पृश्यांची परिषद भरली. तिच्या उभारणीत गावचे आप्पासाहेब पाटील पुढे होते. अध्यक्ष होते अठ्ठावीस वर्षांचे भीमराव आंबेडकर. परदेशात शिकून आलेले, सिडनहॅम कॉलेजातले प्राध्यापक, दोनच महिन्यांपूर्वी ‘मूकनायक’ सुरू केलेले. शाहू महाराज स्वतः आले आणि तुम्हाला तुमचा पुढारी मिळाला आहे, असे जमलेल्या माणसांना त्यांनी सांगितले. महाराजांचा जन्मदिवस सणासारखा साजरा करावा, असा ठराव परिषदेने केला. हे एकाएकी घडले नव्हते. महार वतनाचा जाच मोडण्याचा हुकूम संस्थानात १९१८ साली निघाला होता, आणि अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून त्यांच्या मुलांना सर्वांच्या शाळेत बसवण्याचा हुकूम १९१९ साली.

म्हणजे इतिहास हाकेच्या अंतरावर घडत होता आणि कोल्हापूरचा कॅमेरा महाभारतात गुंतला होता! पुढे १९२५ च्या ‘सावकारी पाश’मध्ये बाबूरावांनी तो कॅमेरा कर्जात बुडालेल्या शेतकऱ्याकडे वळवला, हे त्यांचे मोठेपण. पण शेतकऱ्याच्या घरापर्यंत आलेली ही नजर गावकूस ओलांडायची राहिली. मी पाहिलेल्या जुन्या कोल्हापुरी निसर्गचित्रांत देवळे आहेत, वाडे आहेत, पाणवठे आहेत. गावकुसाबाहेरून दिसणारे गाव मला त्यांत भेटले नाही.

हा दोष केवळ जुन्यांचा नव्हे. शिकत असताना मी आमच्या वस्तीचे चित्र काढून नेले. उकिरडा, कुडाच्या भिंती, मागे गावाची पाठ. कलाशिक्षकांनी विचारले, “यात निसर्ग कुठे आहे?” निसर्ग म्हणजे काय, हे ठरवणाऱ्याचे घर कोठे असते ते मला त्या दिवशी कळले.

दलित साहित्याला १९५८ च्या मुंबईतील संमेलनापासून व्यासपीठ मिळाले. १९७२ मध्ये दलित पँथर आली आणि शब्द रस्त्यावर उतरला. सौंदर्यशास्त्रावर वाद झडले. चित्रकलेत एवढी घुसळण झाली नाही. कवितेला कागद पुरतो. चित्राला रंग, जागा, भिंत आणि विकत घेणारा लागतो, आणि हे चारही बहुधा प्रस्थापितांच्या हातात असतात. तरीही नागपूरच्या सवी सावरकरांनी गळ्यातले मडके आणि कमरेचा झाडू कॅनव्हासवर आणला, देवदासी रंगवली. विक्रांत भिसे यांनी पँथरचा इतिहास चित्रांत आणला. त्यांची चित्रे पाहिल्यावर मला माझ्या तालुक्याकडे पाहण्याचा धीर आला.

दुसरी प्रेरणा घरचीच आहे. भाई माधवराव बागल हे मुळात चित्रकार. त्यांच्या पुढाकाराने कोल्हापूरच्या बिंदू चौकात ९ डिसेंबर १९५० रोजी जोतीराव फुले आणि बाबासाहेब यांचे पुतळे उभे राहिले. बाबासाहेब तेव्हा हयात होते. चित्रकाराने चळवळीत उतरून शहराच्या चौकाचा चेहराच बदलला, याहून मोठी कलाकृती कोणती? तिसरी प्रेरणा म्हणजे जयंतीचे फलक रंगवणारे आमच्या वस्त्यांतले पेंटर. कोणत्याही प्रदर्शनात त्यांचे नाव नाही, पण बाबासाहेबांचा चेहरा घराघरांत पोचवला तो त्यांनी.

माझी चित्रे इचलकरंजीच्या मागावरच्या कोऱ्या मांजरपाटावर आहेत. रंग चारच : काव, काजळी, चुना आणि नीळ. परिषदेच्या मुख्य चित्रात मी व्यासपीठ लांब ठेवले आहे. महाराज आणि बाबासाहेब तेथे लहान दिसतात. समोर मोठ्या दिसतात त्या ऐकणाऱ्यांच्या पाठी, पागोटी, खांद्यावरची घोंगडी, मुलाला उचलून धरणारे हात. पाहणाऱ्याला त्यांच्यात, मातीवर बसावे लागते. दुसऱ्या एका चित्रात माणूस परिषदेहून परततो आहे आणि वेशीपाशी थांबला आहे. नीळ फक्त त्याच्या सावलीत आहे.

नेत्यांना लहान का काढले, असे मित्रांनी रागाने विचारले. त्यांचा राग मी समजू शकतो. ज्यांना शतकानुशतके चेहराच नव्हता त्यांना आपल्या माणसाचा चेहरा मोठा हवा असतो. पण २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत बाबासाहेबांनीच बजावले होते की राजकारणातील भक्ती अधःपतनाकडे आणि शेवटी हुकूमशाहीकडे नेते. त्यांना पूजेच्या चौकटीत बसवणे प्रस्थापितांनाही सोयीचे असते. तसबिरीला हार घालता येतो आणि वस्तीचे पाणी तोडता येते. माणगावात पुढारी मिळाला हे खरे, पण त्याला ओळखणारी माणसे तेथे जमली होती हेही तितकेच खरे. त्यांची नावे इतिहासाने जपली नाहीत. निदान त्यांच्या पाठी तरी रंगवल्या पाहिजेत.

शिक्षक मित्रांना एक विनंती आहे. चित्रकलेच्या तासाला मुलांना डोंगर, नदी, दोन झाडे आणि उगवता सूर्य काढायला सांगू नका. आपल्या उंबऱ्यावर बसून समोर जे दिसते ते काढा, असे सांगा. एका वर्गातली ती चाळीस चित्रे शेजारी शेजारी लावली, की गावाचा खरा नकाशा भिंतीवर येईल.