ससेपालन, सामूहिक

सशांना स्वतंत्र पिंजऱ्यांत न ठेवता राखीव जागेत समूहाने राहू देणे, त्यांना स्वतः बिळे खणू देणे आणि त्यांचे प्रजनन आपसांत होऊ देणे, या पद्धतीस सामूहिक किंवा वसाहत पद्धतीचे ससेपालन म्हणतात. अशा जागेस इंग्लंडमध्ये ‘वॉरन’ व फ्रान्समध्ये ‘गारेन’ अशी नावे होती. मध्ययुगापासून एकोणिसाव्या शतकापर्यंत पश्चिम यूरोपात मांस व फर यांच्या प्राप्तीसाठी ही पद्धती प्रचलित होती. तिच्या इतिहासात प्राणिपालनाइतकाच जमिनीवरील हक्कांचा प्रश्नही गुंतलेला आहे.

सशाचा स्वभाव : मराठीत ‘ससा’ हा शब्द दोन भिन्न प्राण्यांना लावला जातो. महाराष्ट्राच्या रानावनांत आढळणारा ससा (लीपस नायग्रिकॉलिस) बीळ खणत नाही. तो बहुधा एकेकटा, गवतातील खोलगट जागेत राहतो व त्याची पिल्ले जन्मतःच केसाळ आणि उघड्या डोळ्यांची असतात. पाळीव सशांचे सर्व प्रकार मात्र ओरिक्टोलॅगस क्युनिक्युलस या जातीपासून निपजले आहेत. आयबेरियन द्वीपकल्प व त्यालगतचा फ्रान्सचा भाग हे तिचे मूलस्थान होय. हा ससा बिळांच्या जाळ्यात समूहाने राहतो. समूहातील नरांमध्ये व माद्यांमध्ये स्वतंत्र श्रेणी असतात. वरिष्ठ मादी मुख्य बिळात विते, तर कनिष्ठ माद्यांना बहुधा दूर अंतरावर आखूड बीळ खणावे लागते. गर्भावधी सु. ३० ते ३१ दिवसांचा असतो. पिल्ले आंधळी व केसविरहित असतात. मादी त्यांना सामान्यतः दिवसातून एकदाच, काही मिनिटे पाजते व बिळाचे तोंड मातीने बुजवून निघून जाते. प्राणी स्वतःच निवारा तयार करतो व पिल्ले वाढवितो, हाच या पद्धतीचा आर्थिक पाया होय. मात्र कोणत्या नराचा कोणत्या मादीशी संयोग व्हावा, हे पाळणाऱ्याच्या हाती राहत नाही.

प्राचीन काळ : रोमन ग्रंथकार व्हॅरो (इ. स. पू. ११६–२७) याने आपल्या कृषिविषयक ग्रंथात भिंतींनी वेढलेल्या ‘लेपोरारियम’चे वर्णन केले असून त्यात ठेवावयाच्या प्राण्यांत स्पेनमधील बिळे करणाऱ्या सशाचाही उल्लेख केला आहे. लॅटिनमधील ‘क्युनिक्युलस’ हा शब्द ससा व भुयार या दोन्ही अर्थी वापरला जाई. सशांच्या उपद्रवामुळे बॅलिॲरिक बेटांवरील रहिवाशांनी सम्राट ऑगस्टसकडे सैन्याची मदत मागितल्याचे थोरल्या प्लिनीने नमूद केले आहे. उपवासकाळात सशांची कोवळी पिल्ले खाण्यास पोपने सु. ६०० मध्ये अनुमती दिली आणि त्यामुळे फ्रेंच मठांत ससा माणसाळला, अशी कथा दीर्घकाळ सांगितली जाई. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने ती निराधार ठरविली. माणसाळण्याची क्रिया एका घटनेने नव्हे, तर अनेक शतकांत हळूहळू घडली, असे आता मानले जाते.

इंग्लंडमधील वॉरन : नॉर्मन विजयानंतर, बाराव्या शतकात ससा इंग्लंडमध्ये आणला गेला. सिली, लंडी यांसारख्या बेटांवर त्याचे पालन प्रथम सुरू झाले, कारण तेथे भक्षक प्राणी कमी होते. थंड व ओलसर हवेत तो सुरुवातीस नाजूक ठरला. त्याला बिळे खणणे सुलभ व्हावे म्हणून भुसभुशीत मातीचे, उशीच्या आकाराचे लांबट उंचवटे रचीत. त्यांना पुढे ‘पिलो माउंड’ हे नाव पडले. हिवाळ्यात वाळलेला चारा टाकीत. खोकड, स्टोट, वीझल इत्यादींपासून सशांचे रक्षण करणे हे ‘वॉरनर’ या रखवालदाराचे काम होते. पकडण्याच्या वेळी बिळांच्या तोंडाशी जाळी लावून फेरेट हा पाळीव मांसाहारी प्राणी आत सोडीत. तेराव्या शतकात सशाची किंमत कोंबडीच्या अनेक पट असे.

पूर्व इंग्लंडमधील ब्रेकलँडच्या रेताड, नापीक जमिनीवर या व्यवसायाची विशेष भरभराट झाली. १३४८-४९ च्या प्लेगनंतर मजुरांची टंचाई निर्माण झाली. तेव्हा थोड्या मनुष्यबळावर चालणारा हा व्यवसाय जमीनमालकांना अधिकच लाभदायक वाटू लागला. थेटफर्ड येथील मठाने सु. १४०० मध्ये वॉरनवर बांधलेली गारगोटीची दुमजली, जाड भिंतींची इमारत आजही उभी आहे. चोरांपासून संरक्षणाची किती आवश्यकता भासत होती, याची कल्पना तिच्या बांधणीवरून येते.

हक्कांचा संघर्ष : लहान शिकारीचे प्राणी पकडण्याचा अनन्य हक्क राजाच्या सनदेने उमरावांना व मठांना मिळे. ससे मालकाचे, पण ते चरत आसपासच्या शेतांत व सामाईक कुरणांत. शेतकऱ्याने ससा मारला, तर शिक्षा शेतकऱ्यालाच होई. १३८१ च्या शेतकरी उठावात सेंट ऑल्बन्स येथील बंडखोरांनी एक जिवंत ससा पकडून तो शहरातील शिक्षास्तंभावर बांधला. शिकारीचा हक्क आपण परत मिळविला, याची ती खूण होती. उठाव मोडल्यावर त्यांना मिळालेल्या सवलती काढून घेण्यात आल्या.

फ्रान्समध्ये ओलिव्हिए द सेर याने १६०० मध्ये प्रसिद्ध झालेल्या कृषिग्रंथात मोकळे ‘गारेन’ व बंदिस्त ‘क्लापिए’ असा भेद केला आहे. क्लापिएतील निवडक पैदाशीस पुढे महत्त्व आले. ऑगस्ट १७८९ मध्ये राष्ट्रीय सभेने सरंजामशाही हक्क रद्द केले, त्यांत शिकारीच्या अनन्य हक्काबरोबर उघड्या गारेनच्या हक्काचाही नामनिर्देशपूर्वक समावेश होता. इंग्लंडमध्ये स्वतःच्या कसणुकीतील जमिनीवरचे ससे मारण्याचा अबाधित हक्क कुळांना १८८० च्या कायद्याने मिळाला.

ऱ्हास व पुनर्विचार : कुंपणाबाहेर पडलेला ससा इंग्लंडच्या हवामानास सरावला आणि शेतीतील नव्या पिकांमुळे त्याला हिवाळ्यातही खाद्य मिळू लागले. जपणूक करावा लागणारा प्राणी अशा रीतीने उपद्रवी ठरला. ऑस्ट्रेलियात १८५९ मध्ये टॉमस ऑस्टिन याने इंग्लंडहून मागविलेल्या सशांपासून झालेला प्रसार हे याचे सर्वांत विदारक उदाहरण होय. मिक्सोमॅटोसिस हा विषाणुजन्य रोग १९५० मध्ये ऑस्ट्रेलियात हेतुपुरस्सर पसरविण्यात आला. १९५२ मध्ये तो फ्रान्समध्ये सोडला गेला व १९५३ मध्ये इंग्लंडमध्ये पोहोचून तेथील बहुसंख्य ससे त्यास बळी पडले. वॉरनचा जुना व्यवसाय त्यापूर्वीच क्षीण झाला होता.

विसाव्या शतकात मांसोत्पादनासाठी तारेच्या पिंजऱ्यांची पद्धती रूढ झाली. यूरोपीय संसदेने २०१७ मध्ये पिंजऱ्यांऐवजी सामूहिक निवाऱ्यांचा पुरस्कार केला. तथापि मर्यादित जागेत प्रजननक्षम माद्या एकमेकींना जखमी करतात व पिल्लांनाही इजा होते. यास्तव त्यांना काही काळच एकत्र ठेवण्याची पद्धतीही अभ्यासली जात आहे. मध्ययुगीन वॉरनमध्ये कनिष्ठ मादीला दूर जाऊन बीळ खणता येत असे. सामूहिक पालनाचे यश केवळ एकत्र ठेवण्यावर नव्हे, तर दूर होण्यास मिळणाऱ्या या जागेवर अवलंबून होते. ती जागा शेजाऱ्याच्या शेतातून घेतली जाई, हाच या पद्धतीचा मूलभूत दोष होता.