एक, दोन, साडेमाडे तीन!

लहानपणी धावण्याच्या शर्यतीला कुणीतरी "एक, दोन, साडेमाडे तीन" म्हणायचं आणि आम्ही सुसाट सुटायचो. शर्यत सुरू करून देणं हेही एक काम असतं, हे तेव्हा डोक्यातही आलं नव्हतं. अमेरिकेत आल्यावर एका तलावावरच्या सेलिंग क्लबात हौस म्हणून जायला लागलो. तिथे रविवारच्या शर्यती सुरू करून देणाऱ्या कमिटीला माणसं हवी होती, म्हणून नाव दिलं. मग कळलं की या "साडेमाडे"मागे जवळजवळ पावणेदोनशे वर्षांचा इतिहास आहे!

मंडळी, अडचण काय आहे बघा. धावणारा माणूस रेषेवर पाय रोवून उभा राहू शकतो. शिडाच्या होडीला ब्रेक नसतो. ती वाऱ्यावर सरकतच राहते. त्यात सुरुवातीची रेषाही पाण्यावर काढता येत नाही. एका टोकाला कमिटीची बोट नांगरलेली, तिच्यावर नारिंगी झेंड्याची काठी. दुसऱ्या टोकाला तरंगता बोया. आणि मधली रेषा आपण मनाने ओढायची! आता वीस होड्यांना एकाच क्षणी न्याय कसा द्यायचा?

जुन्या लोकांनी सोपा उपाय काढला होता. सगळ्यांनी नांगर टाकून उभं राहायचं आणि तोफ झाली की नांगर उचलून निघायचं. २२ ऑगस्ट १८५१ ला इंग्लंडमधल्या आइल ऑफ वाइट बेटाभोवती जी प्रसिद्ध शर्यत झाली, ती अशीच सुरू झाली. न्यू यॉर्क यॉट क्लबच्या मंडळींची 'अमेरिका' ही स्कूनर त्यात एकटी परदेशी. नांगर उचलताना गोंधळ झाला आणि ती सगळ्यांच्या मागून निघाली. तरीही जिंकली, आणि त्या चषकाला पुढे 'अमेरिकाज कप' हे नाव पडलं. १८७० साली न्यू यॉर्कला या चषकासाठी पहिली लढत झाली, तीही नांगरावरूनच सुरू झाली. पण या पद्धतीत नांगर ओढणाऱ्या खलाशांच्या दंडातली ताकदच जास्त मोजली जायची. हळूहळू ती मागे पडली आणि 'फ्लाइंग स्टार्ट' आला. म्हणजे होड्यांनी फिरत राहायचं आणि ठरल्या क्षणी रेषा ओलांडायची. तेव्हापासून सगळा भार घड्याळावर आणि ते सांभाळणाऱ्या माणसावर आला.

आमच्या क्लबात शर्यती होतात त्या छोट्या होड्यांच्या, म्हणजे डिंगींच्या. हा शब्द इंग्रजांनी आपल्याकडूनच उचललाय बरं का! हिंदी-बंगालीतली 'डिंगी' तीच ही. अमेरिकेत या होड्यांना बहर आला तो १९३० च्या दशकात, ऐन मंदीत. मोठ्या यॉट परवडेनाशा झाल्या होत्या. २ जानेवारी १९३२ ला लाँग आयलंडच्या पोर्ट वॉशिंग्टनला काही हौशी लोकांनी कडाक्याच्या थंडीत डिंगी शर्यती घेतल्या आणि 'फ्रॉस्टबाइट' रेसिंगची प्रथा पडली. १९३० च्या दशकाच्या मध्यावर बॉस्टनजवळच्या एमआयटीत प्राध्यापक जॉर्ज ओवेन यांनी 'टेक डिंगी' आखली आणि चार्ल्स नदीवर विद्यार्थ्यांच्या शर्यती रंगू लागल्या. पैसेवाल्यांचा खेळ कॉलेजातल्या पोरांपर्यंत पोचला तो असा.

आता प्रत्यक्ष काम. सुरुवातीला पाच मिनिटं असताना त्या गटाचा झेंडा चढतो आणि भोंगा वाजतो. चार मिनिटांना दुसरा झेंडा, बहुधा 'पी'. निळा, मधे पांढरा चौकोन. जुन्या काळी जहाज बंदर सोडणार असलं की हाच 'ब्लू पीटर' चढायचा. एक मिनिट उरलं की तो उतरतो आणि लांब भोंगा होतो. शून्याला गटाचा झेंडा खाली, की सुटले! ही ५-४-१-० पद्धत जागतिक नियमांत २००१ पासून आली. त्याआधी १०-५-० असायचं. १९८२ च्या एशियाडमधल्या शिडाच्या शर्यती मुंबईला झाल्या आणि फारुख तारापोर व झरीर करंजिया यांनी फायरबॉल डिंगीत सुवर्ण मिळवलं, तो काळ या जुन्या दहा मिनिटांचा.

मला सगळ्यात आवडलेला नियम असा: वेळ झेंड्यावरून धरायची, भोंग्यावरून नाही. भोंगा वाजलाच नाही तरी सुरुवात ग्राह्य! इंजिनिअरच्या डोक्याने हिशोब केला. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. रेषा शंभर मीटरची असेल, तर लांबच्या टोकाला भोंगा सुमारे ०.३ सेकंद उशिरा पोचणार. तेवढ्यात सेकंदाला दोन मीटर वेगाने येणारी होडी साठ सेंटिमीटर सरकते. तोफेच्या धुराकडे बघून वेळ लावायची जुन्या खलाशांची सवय उगाच नव्हती. कॉलेजच्या छोट्या रेषांवर मात्र तीन मिनिटांची, शिट्टीवर चालणारी पद्धत असते. तिथे आवाजच प्रमाण.

दुसरी गोष्ट रेषेच्या कोनाची. शर्यतीचा पहिला टप्पा वाऱ्याच्या विरुद्ध असतो, म्हणून रेषा वाऱ्याला काटकोनात हवी. शंभर मीटरच्या रेषेत दहा अंशांची चूक झाली, तर एका टोकाला सतरा मीटरचा फायदा मिळतो. म्हणजे आमच्या होड्यांच्या चार लांब्या! मग सगळे त्याच टोकाला गर्दी करतात आणि टकरा होतात. शेवटच्या दोन मिनिटांत वारा फिरला, तर मुख्य पंचाने लाल-पांढऱ्या पट्ट्यांचा झेंडा चढवून सुरुवात पुढे ढकलायची असते. चाळीस माणसं उन्हात ताटकळत असतात, कुरकुरही होते. पण रेषा वाकडी आहे हे दिसत असताना "चालतंय" म्हणणं हा मागच्या टोकाच्या होडीवर अन्याय असतो. बहुतेक वेळा तिथे नवखी पोरंच असतात.

आणि कुणी शून्याच्या आधी रेषा ओलांडली, तर 'एक्स' झेंडा चढतो. पांढरा, त्यावर निळी फुली. त्या होडीने परत यायचं आणि पुन्हा सुरुवात करायची. एका रविवारी रेषेवर नजर ठेवायचं काम माझ्याकडे होतं आणि पुढे गेलेली होडी निघाली क्लबातल्या सर्वात जुन्या, मुरलेल्या गृहस्थांची. मी नंबर पुकारला, झेंडा चढला. त्यांनी मान वळवून पाहिलं आणि एक अक्षर न बोलता होडी फिरवली. ऑफिसच्या मीटिंगमध्ये माझे उच्चार काहींना दोनदा विचारावे लागतात. झेंडा कुणाला दोनदा विचारावा लागत नाही. तो कुणी चढवला, कुठून आलेल्या माणसाने, हे तिथे कुणी बघत नाही.

तेव्हा तुमच्या गावात तळं आणि क्लब असेल, तर जरूर चौकशी करा. कमिटीच्या बोटीवर माणसांची कायम टंचाई असते. स्वतःची होडी नसली तरी चालतं. टोपी, पाण्याची बाटली आणि बरोबर लावलेलं घड्याळ एवढं पुरतं.