चाकूर परिसरातील तूर : काटकपणाच्या कल्पनेचा इतिहास

मसुरीच्या आनुवंशिक सुधारणेविषयी पुष्कळ संशोधन झाले असले, तरी त्याचे क्षेत्र मुख्यतः उत्तरेकडील रब्बी प्रदेश होय. चाकूर परिसरात तोच प्रश्न तुरीच्या रूपाने उभा राहतो. बालाघाटच्या पठारावरील येथील जमीन कोठे भारी काळी, तर कोठे मुरमाड आहे. पाऊस सप्टेंबरअखेर ओसरतो. जुन्या स्थानिक तुरी त्यानंतर फुलावर येत व पौषात तयार होत. अर्थात शेंगा भरण्याचा सारा काळ जमिनीत उरलेल्या ओलीवर निभावून न्यावा लागे. काटकपणाचा पहिला अर्थ येथे हाच होता.

ज्वारीच्या पेऱ्यात तुरीचे तास सोडण्याची येथील रीत जुनी. शेतकरी खळ्यावर टपोरे दाणे पाहून बी राखीत असे. परंतु मधमाश्यांमुळे तुरीत परपरागीकरण बरेच होत असल्याने ते बी शुद्ध कधीच नसे. वनस्पतिप्रजनकांनी ह्या सरमिसळीकडे दीर्घकाळ केवळ दोष म्हणून पाहिले. ते मत सर्वस्वी मान्य करता येत नाही. लवकर व उशिरा पिकणारी झाडे एकाच शेतात असणे हा अवर्षणाविरुद्धचा एक प्रकारचा विमाच होता.

शास्त्रीय इतिहासाचा आरंभ मात्र ओलीपासून झाला नाही, तो रोगापासून झाला. पुसा येथील कवकशास्त्रज्ञ बटलर ह्यांनी मर रोगास कारण होणाऱ्या बुरशीचे वर्णन १९१० मध्ये केले. ही बुरशी जमिनीत वर्षानुवर्षे टिकते. म्हणून औषधापेक्षा प्रतिकारक्षम वाण हाच उपाय ठरला. निजामाच्या राज्यात परभणीचे मुख्य प्रायोगिक प्रक्षेत्र १९१८ मध्ये सुरू झाले आणि मराठवाड्यातील पीकसंशोधनाचा पाया तेथे घातला गेला. १९७२ मध्ये परभणीस कृषि विद्यापीठ व हैदराबादजवळ पाटणचेरू येथे आंतरराष्ट्रीय संशोधन संस्था स्थापन झाल्यावर कामास खरा वेग आला. बदनापूरच्या केंद्रातून निघालेला ‘बीडीएन २’ हा त्या पहिल्या पिढीतील वाण होय.

तोवर दुसरा शत्रू बळावला होता. वांझ रोगाने झाड मरत नाही. ते हिरवेगार राहते, पण त्यास फूल येत नाही. अतिसूक्ष्म कोळी हा रोग पसरवितो, हे १९६२ मध्ये सिद्ध झाले. त्यामागील विषाणू ओळखावयास मात्र २००० साल उजाडावे लागले. कारण अज्ञात असतानाही प्रतिकारक्षम वाणांची निवड चालू राहिली, ही गोष्ट मुद्दाम लक्षात घेण्याजोगी आहे. रोगट झाडांच्या सान्निध्यात नवी झाडे वाढवावयाची आणि जी निरोगी उरतील त्यांचे बी राखावयाचे, एवढ्या साध्या युक्तीवर ते काम उभे होते. विषाणूचे प्रकार स्थळपरत्वे भिन्न असल्याने एका ठिकाणी टिकलेला वाण दुसरीकडे बळी पडतो. म्हणूनच स्थानिक केंद्रास पर्याय नव्हता. बदनापूरचे ‘बीएसएमआर ७३६’ व ‘बीएसएमआर ८५३’ हे वाण ह्या परिश्रमाचे फळ होत. पहिला तांबड्या दाण्याचा, दुसरा पांढऱ्या.

पोषणाची कथा इतकी यशस्वी नाही. तुरीच्या दाण्यात प्रथिने सुमारे वीस-बावीस टक्के असतात. पाटणचेरूच्या शास्त्रज्ञांनी रानटी भाईबंदांशी संकर करून हे प्रमाण अठ्ठावीस टक्क्यांच्याही पुढे नेले. तरीही हे वाण शेतात रुजले नाहीत. लातूरच्या डाळ गिरण्यांत दाण्याचा रंग, आकार, ओलावा आणि डाळीचा उतारा पाहिला जातो. प्रथिनांचा भाव तेथे कोणी लावीत नाही. शिवाय साल काढताना दाण्याच्या बाहेरील थराचा व अंकुराचा काही अंश चुणीबरोबर जनावरांच्या पुढ्यात जातो. म्हणजे गिरणीत जे गमावले जाते, ते प्रजनकाने अंशतः आधी कष्टाने मिळविलेले असते.

ह्याहून मोठा फेरबदल प्रयोगशाळेबाहेर झाला. १९९० नंतर लातूर जिल्ह्यात सोयाबीन पसरले व खरिपाची ज्वारी मागे हटली. ज्वारीत लायसिन हे अमिनो आम्ल कमी, तुरीत गंधकयुक्त आम्ले कमी. भाकरी आणि वरण एकमेकांची उणीव भरून काढीत. ही जोडी शेतातून मोडली. सोयाबीनच्या ओळींत तूर आजही घेतली जाते, पण सोयाबीन तेलगिरणीकडे जाते आणि ताटातली भाकरी विकतच्या धान्याची होत चालली. वाणातील प्रथिनांची टक्केवारी मोजणाऱ्या अभ्यासकांनी ह्या बदलाची दखल फारशी घेतलेली नाही.

दरम्यान काटकपणाचा अर्थही बदलला. २०१२ मध्ये प्रसारित झालेला ‘बीडीएन ७११’ सुमारे दीडशे दिवसांत तयार होतो. म्हणजे तो ओल संपण्याशी झुंजत नाही, तिच्या आधीच निसटतो. हलक्या रानात हा गुण मोलाचा आहे. मात्र सहा महिन्यांहून अधिक काळ उभ्या राहणाऱ्या जुन्या तुरीपासून मिळणाऱ्या जाड तुराट्या, ज्यांनी कुडे बांधली जात व चुली पेटत, त्या ह्या हिशेबात कोठेच धरल्या गेल्या नाहीत. २०११ मध्ये ‘आशा’ वाणाच्या अकरा गुणसूत्रजोड्यांवरील जनुकांचा आराखडा प्रसिद्ध झाला, आणि ‘आशा’ हा मर व वांझ ह्या दोन्ही रोगांस दाद न देणारा वाण होता. कोणत्या झाडाची तुराटी जाड, हा प्रश्न त्या आराखड्यास अजून कोणी विचारलेला दिसत नाही.