चेंडू चालतो, कप चालत नाही

आरक्षणाचा विषय निघाला की आम्हाला मेरिट शिकवले जाते. शिकवणाऱ्यांना आम्ही १९११ चा इंग्लंड दौरा विचारतो.

त्या उन्हाळ्यात पहिला अखिल भारतीय क्रिकेट संघ तिकडे गेला. कर्णधार पतियाळाचे महाराज भूपिंदर सिंग, वय १९. संस्थान होते म्हणून कर्णधारपद, बाकी मोजकेच सामने ते खेळले. संघ २३ पैकी १५ सामने हरला. त्याच पडत्या संघात चांभार समाजातल्या, पस्तिशीच्या डावखुऱ्या बाळू पालवणकरांनी ११४ बळी घेतले! भाऊ शिवरामही सोबत होते.

हे बाळू घडले कुठे? पुण्यात गोऱ्यांच्या क्लबात नोकर म्हणून, नेटमध्ये ग्रेग साहेबाला गोलंदाजी करत. गोऱ्यांना हरवायचे म्हणून हिंदूंनीही त्यांना संघात घेतले. पण चहा पॅव्हेलियनबाहेर, मातीच्या भांड्यात. जेवायला पान वेगळे. बाळूंच्या हातचा चेंडू सवर्ण क्षेत्ररक्षक खुशाल झेलत. विटाळ फक्त कपाला होत होता.

१९०६ मध्ये त्याच हिंदू संघाने युरोपियनांना हरवले, तेव्हाही बाळू होतेच.

पुढे १९३७ ला ते काँग्रेसच्या तिकिटावर बाबासाहेबांविरुद्ध उभे राहिले आणि पडले. हे आम्ही लपवत नाही. राजकारण चुकले म्हणून ११४ बळी पुसले जात नाहीत.

हिंदू संघाचे कर्णधार म्हणून मात्र त्यांची नेमणूक कधीच झाली नाही. ते पद घरात आले १९२३ मध्ये, धाकट्या विठ्ठलकडे.