मार्कंडेयाला महादेव भेटला, बाकीच्या लेकरांचे काय?

गडचिरोली जिल्ह्यातल्या चामोर्शी तालुक्यात वैनगंगेच्या काठी मार्कंडा आहे. महाशिवरात्रीला इथे मोठी जत्रा भरते. कथा सांगतात की मार्कंडेयाच्या नशिबी सोळाच वर्षांचे आयुष्य होते. यम न्यायला आला तेव्हा पोराने शिवलिंगाला मिठी मारली आणि महादेवाने यमाला परत पाठवले. ठीक आहे, एक ऋषिपुत्र वाचला. पण याच मुलखातल्या गोंड, माडिया, बौद्ध, ढीवर घरांतली जी लेकरे सोळा वर्षे सोडा, अठ्ठावीस दिवसही जगली नाहीत, त्यांना न्यायला कोणता यम आला होता?

हा प्रश्न आज विचारायचे कारण आहे. आपली मुले-मुली आता बालरोगशास्त्रात एम.डी. करू लागली आहेत. त्यांच्यातले काही जण विचारतात, आम्ही अजून शिकतोय, उपचारापलीकडे आम्ही काय करणार? याचे उत्तर आपल्याच जिल्ह्यांच्या इतिहासात आहे.

बाबासाहेबांचे घर आणि बाबासाहेबांचा कायदा

बाबासाहेब आणि रमाईंना पाच अपत्ये झाली. यशवंत जगले. गंगाधर, रमेश, इंदू आणि राजरत्न ही चार लेकरे बालपणीच गेली. राजरत्न गेला ते साल १९२६. दोनच वर्षांनी, १९२८ मध्ये, मुंबई विधिमंडळात कामगार स्त्रियांच्या प्रसूती लाभाचे विधेयक आले आणि बाबासाहेब त्याच्या बाजूने उभे राहिले. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणे राष्ट्राच्या हिताचे आहे, तिचा भार सरकारने आणि मालकानेही उचलला पाहिजे, अशी त्यांची मांडणी होती. १९२९ मध्ये कायदा झाला. पुढे संविधानाच्या ४७ व्या अनुच्छेदाने पोषणमान आणि सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे राज्याचे प्राथमिक कर्तव्य ठरवले.

१६ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी चंद्रपुरात धम्मदीक्षा दिली. गडचिरोली तेव्हा चांदा जिल्ह्यातच होती. बावीस प्रतिज्ञांपैकी पहिलीच ब्रह्मा, विष्णू, महेश यांना देव न मानण्याची आहे. ती घेणाऱ्या माणसाला लेकराच्या मरणाचा दोष नशिबावर टाकून मोकळे होता येत नाही. त्याला कारण शोधावेच लागते.

मोजणाऱ्या बायका

१९८२ मध्ये गडचिरोली वेगळा जिल्हा झाला. त्यानंतर काही वर्षांनी डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांच्या 'सर्च' संस्थेने इथे काम सुरू केले. गावागावांत मुले कशाने मरतात याची मोजदाद झाली आणि न्यूमोनिया हा मोठा मारेकरी निघाला. तो ओळखायला एक्स-रे लागत नाही. दोन महिन्यांच्या आतले बाळ मिनिटाला साठ किंवा जास्त श्वास घेत असेल, दोन महिने ते एक वर्षाचे पन्नास, त्याहून मोठे चाळीस, तर धोका समजायचा. गावातल्या माणसांना आणि दायांना हे शिकवले, हातात स्वस्त गोळ्या दिल्या. १९९० मध्ये 'लॅन्सेट'मध्ये निष्कर्ष छापून आले. जिथे हे काम झाले त्या गावांत न्यूमोनियाचे बालमृत्यू तुलनेच्या गावांपेक्षा निम्म्याहून कमी होते.

मग नवजात बाळांची पाळी आली. १९९५-९६ मध्ये ३९ गावांतली ७६३ बाळे घरी जाऊन तपासली गेली. निम्म्याहून अधिक बाळांना उपचारांची गरज होती. प्रत्यक्षात डॉक्टर मिळाला तो शंभरात तिघांनासुद्धा नाही. तेव्हा गावातल्याच, थोडे शिकलेल्या बायकांना बाळाला ऊब देणे, वजन करणे, गुदमरलेल्या बाळाला श्वास देणे आणि जंतुसंसर्ग झाल्यास जेंटामायसिनचे इंजेक्शन देणे शिकवले. १९९९ मध्ये 'लॅन्सेट'ने आकडा छापला. तुलनेच्या ४७ गावांशी ताडून पाहता नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटला होता. २०११ पासून हीच पद्धत देशभर आशा ताईंच्या हाती गेली.

इथे आम्हाला एक मुद्दा आग्रहाने मांडायचा आहे. या इतिहासातून 'देवमाणूस डॉक्टर' एवढेच उचलले, तर आपण मार्कंड्याचीच कथा पुन्हा सांगतो, फक्त महादेवाच्या जागी डॉक्टर बसतो. बंग दांपत्याचे श्रेय मोठेच आहे. पण जीव वाचवणारा हात गावातल्या बाईचा होता. आणि सरकारला हलवले ते आकड्यांनी. २००१ मध्ये 'कोवळी पानगळ' अहवालाने दाखवून दिले की महाराष्ट्रातले खरे बालमृत्यू सरकारी नोंदीपेक्षा कितीतरी जास्त आहेत. त्यानंतर शासनाला बालमृत्यू मूल्यमापन समिती नेमावी लागली. जे मूल कागदावर मेलेच नाही, त्याच्यासाठी सरकार उत्तर कशाला देईल?

सिकलसेल : आपल्या रक्तातला प्रश्न

विदर्भातल्या बौद्ध आणि आदिवासी घरांना सिकलसेल नवा नाही. नागपूरच्या डॉक्टरांनी त्यावर १९५८ मध्येच 'लॅन्सेट'मध्ये लिहिले होते. राष्ट्रीय निर्मूलन मोहीम सुरू झाली १ जुलै २०२३ रोजी. मधली ६५ वर्षे कोणाच्या लेकरांनी हाडांतल्या कळा सोसल्या?

दलित पँथरने ज्यांच्यावरून नाव घेतले, त्या अमेरिकेतल्या ब्लॅक पँथर पक्षाने १९७१ मध्ये वस्त्यांत जाऊन सिकलसेल तपासणी सुरू केली. १९७२ मध्ये तिथे कायदा झाला. चळवळ आणि डॉक्टर एकत्र आले की काय होते, ते यातून दिसते.

त्याच देशातल्या फ्लिंट शहरात कृष्णवर्णीयांची बहुसंख्या आहे. २०१४ मध्ये नळाच्या पाण्याचा स्रोत बदलला आणि लोक तक्रारी करू लागले. २०१५ मध्ये तिथल्या रुग्णालयात निवासी बालरोग डॉक्टरांचे प्रशिक्षण सांभाळणाऱ्या डॉ. मोना हॅना-अटिशा यांनी मुलांच्या रक्तातल्या शिशाचे आकडे काढले आणि सरळ पत्रकारांपुढे ठेवले. आधी अधिकाऱ्यांनी त्यांनाच खोटे ठरवले. थोड्याच दिवसांत त्यांना आकडे मान्य करावे लागले.

निवासी डॉक्टरांनो, हे तुमच्या हातात आहे

आता प्रत्येक एम.डी. विद्यार्थ्याला तीन महिने जिल्हा पातळीवरच्या आरोग्य यंत्रणेत काम करावे लागते. अनेकांना ही शिक्षा वाटते. आम्हाला ती संधी वाटते.

पहिले काम नोंदीचे. मृत्यूच्या कारणात 'न्यूमोनिया' लिहिलात तर अर्धेच खरे लिहिलेत. बाळ भामरागड, एटापल्लीहून किती तासांनी पोहोचले, रुग्णवाहिका आली का, प्राथमिक आरोग्य केंद्रात पहिला डोस मिळाला का, हेही लिहा. बालमृत्यूच्या आढावा बैठकीत ते मोठ्याने वाचा.

दुसरे काम कागदाचे. सिकलसेलच्या मुलाला २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचे संरक्षण आहे. ते त्याच्या आईला माडिया किंवा गोंडी जाणणाऱ्या माणसाकडून समजावून सांगा आणि प्रमाणपत्राच्या रांगेत तिला एकटी सोडू नका.

तिसरे काम आकडे बाहेर नेण्याचे. कुठल्याही मुलाचे नाव उघड न करता तालुकानिहाय आकडे काढा, त्यांवर प्रबंध लिहा, आशा ताईंसमोर आणि ग्रामसभेत ठेवा.

'डॉक्टरने राजकारण करू नये' असे ऐकवणारे भेटतील. त्यांना विचारा, औषधाचा साठा संपणे, डॉक्टरची जागा रिकामी राहणे, अंगणवाडीचा आहार थांबणे, हे सगळे ठरवते कोण?

आम्हाला हेही ठाऊक आहे की निवासी डॉक्टर स्वतः किती असुरक्षित असतो. प्रबंधावर सही वरिष्ठांची, परीक्षा त्यांच्या हाती, आणि आडनावावरून टोमणे. २२ मे २०१९ रोजी मुंबईत डॉ. पायल तडवी गेली. ती स्त्रीरोग विभागात शिकणारी आदिवासी डॉक्टर होती. जातीवरून छळ झाल्याचा आरोप तिच्या कुटुंबाने केला. जी स्वतःचा अपमान सांगू शकत नाही, ती दुसऱ्याच्या लेकरासाठी कशी बोलणार? म्हणून लेकरांची बाजू मांडणाऱ्या डॉक्टरच्या पाठीशी उभे राहणे हे चळवळीचे काम आहे. त्यांनी आकडा द्यावा. माहितीचा अधिकार, निवेदन, मोर्चा आणि कोर्ट आपण बघू.

जिल्ह्यातल्या प्रत्येक आंबेडकरी युवा मंडळाने आपल्या भागातला एक तरी शिकाऊ डॉक्टर ओळखीचा करून घ्यावा. त्याला सत्काराची शाल नको. त्याला विचारा, गेल्या वर्षी आपल्या तालुक्यातली किती लेकरे गेली आणि त्यांतली किती वाचवता आली असती? तो आकडा हातात आला की जिल्हाधिकारी कार्यालयाची वाट आपल्याला माहीत आहे.

जयभीम!