शिक्षा झाली, पुढे काय? अपीलपासून दयेच्या अर्जापर्यंत

समजा, ओतूर पोलीस ठाण्यात नोंदलेला एक गुन्हा सत्र न्यायालयात गेला आणि आरोपीला 10 वर्षांची शिक्षा झाली. व्हॉट्सॲप ग्रुपवर दोन दिवस चर्चा होते, मग विषय संपतो. आरोपीच्या घरच्यांसाठी मात्र त्याच दिवशी मुदत मोजायला सुरुवात होते.

अमेरिकन सिरीज पाहणाऱ्यांना वाटेल की केंद्राचे कैदी वेगळे आणि राज्याचे वेगळे. तिथे तसं आहे. आपल्याकडे केस ओतूर पोलिसांची असो की सीबीआयची, वर दाद मागण्याची वाट साधारण एकच आहे.

पहिली पायरी: अपील

दंडाधिकाऱ्यांनी दिलेल्या शिक्षेविरुद्ध 30 दिवसांत सत्र न्यायालयात जायचं. सत्र न्यायालयाच्या शिक्षेविरुद्ध 60 दिवसांत मुंबई उच्च न्यायालयात. फाशी असेल तर 30 दिवस. निकालाची प्रत मिळायला लागलेले दिवस यात धरत नाहीत. आणि हो, नुसतं अपील केलं म्हणून कोणी सुटत नाही. शिक्षेला स्थगिती आणि जामीन वेगळा मागावा लागतो.

वकिलाला पैसे नसतील तर? इथे महाराष्ट्रातलाच हॉसकोट खटला कामी येतो. 1973 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने एका आरोपीची शिक्षा वाढवून तीन वर्षं केली. सर्वोच्च न्यायालयात जायला त्याला चार वर्षांहून जास्त उशीर झाला. निकालाची प्रत मिळालीच नाही, असं त्याचं म्हणणं. तुरुंग म्हणालं दिली, पण त्याच्या सहीची पोच नव्हती. त्याची याचिका फेटाळली गेली, पण 1978 च्या त्या निकालाने एक गोष्ट पक्की केली: कैद्याला निकालाची प्रत मोफत आणि वेळेत द्यायची, तिची लेखी पोच घ्यायची आणि गरज असेल तर सरकारी खर्चाने वकील द्यायचा. अपीलचा अर्ज कैदी तुरुंग अधीक्षकांमार्फतही पाठवू शकतो.

त्यानंतर?

उच्च न्यायालयानंतर 90 दिवसांत सर्वोच्च न्यायालयात विशेष परवानगी याचिका. मग पुनर्विचार, आणि अगदी शेवटी क्युरेटिव्ह याचिका. या दोन्हींमध्ये यश क्वचितच येतं. राज्यपाल आणि राष्ट्रपतींकडे दयेचा अर्ज हा वेगळा मार्ग. तिथे शिक्षा कमी होऊ शकते किंवा माफही होऊ शकते.

एक मुद्दा मात्र कधीही मांडता येतो, तो म्हणजे गुन्ह्याच्या वेळचं वय. 1994 मध्ये पुण्यात सात जणांची हत्या झाली. त्या खटल्यात फाशी झालेल्या एका कैद्याचं अपील आणि पुनर्विचार याचिका, दोन्ही 2000 मध्येच फेटाळले गेले होते. पुढे राजस्थानातल्या शाळेचा दाखला समोर आला. त्यानुसार गुन्ह्याच्या वेळी तो साडेबारा वर्षांचा होता. कोर्टाच्या कागदावरचं नाव आणि शाळेतलं नाव जुळत नव्हतं. 2019 मध्ये पुण्याच्या जिल्हा न्यायाधीशांकडून चौकशी झाली आणि मार्च 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला सोडलं. तोवर 28 वर्षं तुरुंगात गेली होती. अल्पवयीन म्हणून त्याला जास्तीत जास्त तीन वर्षं ठेवता आलं असतं.

ओतूरकरांसाठी: मोफत वकिलासाठी जुन्नरच्या तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करता येतो. कैदेत असलेल्या व्यक्तीला उत्पन्नाची अट नाही. हेल्पलाइन क्रमांक 15100. जाताना निकालाची प्रत आणि शाळेचा दाखला सोबत ठेवा.