सहीपूर्वीचा साक्षीदार

पुण्यात न्यायमूर्ती रानडे यांनी वसंतातील व्याख्यानांची प्रथा सुरू केली ते वर्ष १८७५. त्याच वर्षी १२ मे रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे बाजाराला जमलेले शेतकरी सावकारांच्या दुकानांवर चालून गेले. इतिहासात या उठावाला दख्खनचे दंगे म्हणतात. पण दंगेकऱ्यांचा मुख्य रोख माणसांवर नव्हता, कागदांवर होता. कर्जरोखे आणि हिशेबाच्या वह्या हिसकावून त्यांची होळी करण्यात आली. ज्या कागदावर आपण अंगठा उठवला त्यात काय लिहिले आहे, हे ज्याला वाचता येत नाही त्याने दुसरे काय करावे?

सरकारने चौकशी मंडळ नेमले आणि १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी संरक्षणाचा कायदा झाला. त्याखाली पुढे रानडे यांनी स्वतः न्यायाधीशाचे काम केले. या कायद्यातील तीन गोष्टी लक्षात ठेवण्यासारख्या आहेत. शेतकऱ्याने रोखा लिहून द्यायचा तो ग्रामनिबंधकासमोर. त्याला पावती व दरसालचा हिशेब मागण्याचा हक्क. आणि न्यायालयाने रोख्यावरचा आकडा प्रमाण न मानता व्यवहार मुळापासून तपासायचा. सावकारांनी खरेदीखताची पळवाट शोधून काढली, हे खरे. तरीही अंगठा उठण्यापूर्वी शेतकऱ्याशेजारी एक तिसरा माणूस उभा करावा, हे तत्त्व या कायद्याने मान्य केले. आमच्या मते या साऱ्या इतिहासाचे सार एवढेच आहे.

त्या शेतकऱ्याचा आणि आजच्या वृद्धांच्या फसवणुकीचा संबंध काय, असे कोणी विचारील. संबंध असा की, कामगाराच्या आयुष्यात मोठी रक्कम एकदाच हाती येते, आणि ती येते म्हातारपणाच्या उंबरठ्यावर. १९५२ च्या कायद्याने भविष्यनिर्वाह निधी आला, १९७२ च्या कायद्याने ग्रॅच्युइटी आली. हे हक्क मोठे आहेत. परंतु जन्मभर महिन्याच्या पगारावर हिशेब बसविणाऱ्या माणसाला एके दिवशी लाखांचा धनादेश मिळतो, तेव्हा त्या रकमेपुढे तोही सुप्याच्या शेतकऱ्याइतकाच निरक्षर असतो.

येथे आमचा स्वतःचा दोष सांगितला पाहिजे. मुंबईच्या गिरण्यांतून स्वेच्छानिवृत्ती घेऊन माणसे बाहेर पडत होती, त्या काळची गोष्ट. साळखात्यातील एका वयस्क कामगाराचे पैसे मिळवून देण्यासाठी आम्ही दोन वर्षे खेपा घातल्या. पैसे मिळाले, आम्ही त्यांना हार घातला आणि घरी गेलो. पुढच्याच महिन्यात त्यांच्या गाववाल्याने त्यांना सागाच्या झाडांत पैसे गुंतवायला लावले. रक्कम काही वर्षांत कितीतरी पट होणार होती. झाडे कोणी पाहिली नाहीत. कचेरीला कुलूप लागले, तरी वर्षभर त्यांनी घरात सांगितले नाही, आम्हांलाही नाही. विचारले तेव्हा म्हणाले, "एवढे लढून मिळवून दिलेत, कुठल्या तोंडाने सांगू?" मालकाशी लढताना आम्ही त्यांच्या शेजारी होतो, सही करताना ते एकटे होते.

अशा कंपन्यांचे पीक तेव्हा सर्वत्र आले होते. १९९९ साली महाराष्ट्राने ठेवीदारांच्या संरक्षणाचा कायदा केला. बुडव्यांची मालमत्ता जप्त करण्याची त्यात सोय आहे. २००७ च्या ज्येष्ठ नागरिकांच्या कायद्याने सांभाळण्याच्या अटीवर दिलेले घर, सांभाळले नाही तर परत मिळविण्याचा मार्ग दिला. २०१९ साली अनियंत्रित ठेव योजनांवर केंद्राने बंदी घातली. बंदी असली तरी कायदा बहुधा जागा होतो तो चोरी झाल्यावर, आणि सत्तर वर्षांच्या माणसाजवळ खटल्याच्या तारखा मोजण्याइतके आयुष्य उरलेले नसते.

आज चोर पोलिसाचा गणवेश घालून फोनच्या पडद्यावर येतो. 'तुम्हांला डिजिटल अटक झाली आहे, कॅमेऱ्यासमोरून हलू नका, मुलाला सांगू नका, पैसे तपासासाठी आमच्या खात्यात पाठवा.' अशी अटक भारताच्या कोणत्याही कायद्यात नाही. तरी निवृत्त शिक्षक, अधिकारी, डॉक्टर तिला बळी पडतात. तेव्हा फसणारा मूर्ख असतो, हा समज आपण सोडला पाहिजे. ठगाची हत्यारे दोनच, घाई आणि गुपित. तिसरे हत्यार, म्हणजे लाज, ते आपण समाज म्हणून त्याच्या हाती देतो.

यावर उपाय जुनाच आहे. दर संघटनेने, दर ज्येष्ठ नागरिक संघाने, दर चाळीने आपला ग्रामनिबंधक नेमावा. पैशाच्या कागदावर सही करण्यापूर्वी एक रात्र जाऊ द्यावी आणि एका माणसाला तो कागद दाखवावा. जो 'कोणाला सांगू नका' म्हणतो, त्याची गोष्ट आधी चारचौघांत सांगावी. फसवणूक झालीच तर १९३० या क्रमांकावर तत्काळ कळवावे, कारण पैसा वाटेत असेपर्यंतच अडविता येतो. आणि फसलेला माणूस दारी आला, तर 'तुम्हांला कळले कसे नाही?' हा प्रश्न विचारू नये. त्या प्रश्नाच्या भीतीनेच आमचा तो कामगार वर्षभर गप्प राहिला होता.